न उडणारं फोल्डर

शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई एका संध्याकाळी पोर्टेबल हार्ड डिस्क घेऊन आल्या. रुमालात नीट गुंडाळून आणलेली. “यातलं एक फोल्डर काही केल्या उडत नाही हो,” त्या म्हणाल्या. “तेवढं काढून द्या. रिकामंच आहे ते.”

डिस्क जोडली. फोल्डरचं नाव होतं ‘संमेलन’. त्यावर दोनदा क्लिक केलं की चौकट यायची: फाइल किंवा फोल्डर बिघडलेलं आहे, वाचता येत नाही. प्रॉपर्टीज उघडल्या तर आकार शून्य बाइट. डिलीट दाबलं की पुन्हा तीच चौकट. आत काही दिसत नाही, आकारही शून्य, तेव्हा बाईंनी ते रिकामं समजावं यात नवल नव्हतं.

मी बाकीची सगळी फोल्डरं एकत्र निवडून त्यांचा आकार काढला. तो १२० जीबीच्या आसपास आला. डिस्कवर मात्र १८० जीबी जागा वापरात असल्याचं दिसत होतं. मधल्या ६० जीबीचा हिशेब कुठेच लागत नव्हता.

“बाई, या फोल्डरमध्ये काय ठेवलं होतंत?”

त्या जरा थांबल्या. “अकरा वर्षांच्या स्नेहसंमेलनांचे फोटो. पण ते गेले ना?”

गेले नसावेत, असं तो ६० जीबीचा आकडा सांगत होता. फोटो ठेवल्या जागी होते; त्यांच्यापर्यंत जाणारी यादी फाटली होती. बाईंचं म्हणणं ऐकून मी ते फोल्डर कुठल्या तरी जबरी उपायानं ‘उडवलं’ असतं, तर त्या यादीबरोबर फोटोही गेले असते. म्हणून या प्रकरणात फोल्डर काढण्याच्या युक्त्या शेवटी येतील. त्याआधी ते निघत का नाही, हे ओळखायला शिकायचं आहे. ते ओळखता आलं की काढणं बहुतेक वेळा सोपंच असतं.

डिस्कचं दप्तर

पडद्यावर फोल्डरचं चित्र पिवळ्या खोक्याचं असतं. त्यामुळे फाइली त्याच्या आत भरलेल्या असतात असं आपण धरून चालतो. डिस्कवर असं खोकं कुठेच नसतं. तिथे असतं ते तलाठ्याच्या दप्तरासारखं एक दप्तर. जमीन जिथे आहे तिथेच राहते. ती कुणाची, किती, कुठल्या गटात, हे दप्तर सांगतं.

विंडोजच्या बहुतेक हार्ड डिस्कवर एनटीएफएस नावाची मांडणी असते. १९९३ मध्ये विंडोज एनटी ३.१ बरोबर ती आली आणि आजही तीच चालते. तिच्यातल्या मुख्य नोंदवहीला मास्टर फाइल टेबल म्हणतात. ड्राइव्हवरच्या प्रत्येक फाइलची आणि प्रत्येक फोल्डरची तिच्यात नोंद असते. एक नोंद साधारणपणे १०२४ बाइटची. फाइलचं नाव काय, ती केव्हा बनली, कुणाला उघडता येईल, तिचा मजकूर डिस्कवरच्या कोणकोणत्या तुकड्यांत आहे, हे सगळं त्या नोंदीत लिहिलेलं असतं. हा झाला फाइलचा सातबारा.

फोल्डर म्हणजे आठ-अ. एका खातेदाराची गावात कोणकोणत्या गटांत जमीन आहे, ते आठ-अचा उतारा एका जागी दाखवतो. तशीच फोल्डरची नोंद म्हणजे एक यादी असते: माझ्याकडे या नावाच्या, या क्रमांकाच्या नोंदी आहेत. यादी छोटी असेल तर ती फोल्डरच्या स्वतःच्या नोंदीतच मावते. फाइली वाढल्या की ती बाहेर, डिस्कवर दुसरीकडे, ४ केबीच्या पानांवर पसरते. त्यातलं एखादं पान वाचता येईनासं झालं की आपल्याला ती चौकट दिसते. तिचा विंडोजमधला क्रमांक १३९२.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पुढचा सगळा उपाय तिच्यावर उभा आहे. फोल्डरच्या यादीत जशी फाइलची नावं असतात, तसं प्रत्येक फाइलच्या स्वतःच्या नोंदीतही ‘मी अमुक फोल्डरमधली’ असं लिहिलेलं असतं. एकच माहिती दोन ठिकाणी असते. आठ-अचं पान फाटलं तरी गावातले सगळे सातबारे चाळून ते पुन्हा लिहून काढता येतं.

फोल्डर उडत का नाही, याचं उत्तरही इथेच आहे. फोल्डर डिलीट करायचं तर विंडोजला आधी त्याची यादी वाचावी लागते, मग यादीतली एकेक फाइल काढावी लागते आणि शेवटी रिकामं फोल्डर. यादीच वाचता येत नसेल तर पहिल्या पायरीवरच काम अडतं. डिलीटचं बटण पन्नास वेळा दाबलं तरी यादी वाचण्याजोगी होत नाही.

पान फाटतं कसं

सर्वांत ओळखीचं कारण म्हणजे काम चालू असताना ओढून काढलेला पेनड्राइव्ह आणि अचानक गेलेली वीज. यादीत नाव लिहिलं गेलं, पण जागेचा हिशेब लिहायच्या आत सगळं थांबलं, की दप्तरातल्या दोन वह्या एकमेकींशी जुळेनाशा होतात.

एनटीएफएसमध्ये यावर एक तोड आहे. जमिनीचा व्यवहार झाला की आधी फेरफार नोंदतात आणि तो मंजूर झाल्यावर सातबारा बदलतो. तसंच एनटीएफएस कुठलाही बदल आधी एका वेगळ्या वहीत नोंदवते आणि मग मूळ दप्तर बदलते. मध्येच वीज गेली तर संगणक पुन्हा सुरू होताना ती वही वाचली जाते. अर्धवट राहिलेला बदल एक तर पूर्ण केला जातो किंवा मागे घेतला जातो. पण या सोयीला मर्यादा आहेत. ती दप्तर सांभाळते, फाइलमधला मजकूर नाही. डिस्कचा पृष्ठभाग खराब झाला, केबल सैल असली, मेमरीची चिप चुकीचं लिहू लागली, तर फेरफाराची वहीसुद्धा काही करू शकत नाही.

पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांची गोष्ट आणखी नाजूक. त्यांच्यावर बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट ही मांडणी असते आणि तिच्यात फेरफाराची वहीच नसते. फॅटची मूळ कल्पना १९७७ ची, मार्क मॅकडोनाल्ड यांनी फ्लॉपीच्या काळात रचलेली. फॅट३२ मध्ये फोल्डर म्हणजे ३२-३२ बाइटच्या नोंदींची एक पट्टी असते. या पट्टीच्या जागी भलताच मजकूर लिहिला गेला, तर विंडोज त्यालाही नावं समजून वाचत जाते. मग फोल्डर उघडलं की चौकोन, उभ्या रेघा आणि ग्रीक अक्षरं यांची नावं दिसतात. १६ जीबीच्या पेनड्राइव्हवरच्या एकेका फाइलचा आकार ३ जीबी आणि तारीख कुठल्या तरी भलत्याच सालची. अशा फाइली डिलीट होत नाहीत, कारण त्या फाइली नसतातच.

आधी तोतये ओळखा

माझ्या अनुभवात ‘करप्ट झालंय’ म्हणून समोर येणाऱ्या फोल्डरांपैकी पुष्कळशी करप्ट नसतात. ती न उडण्याची कारणं दुसरीच असतात आणि तिथे दुरुस्तीची गरजच नसते. चौकटीतलं वाक्य पूर्ण वाचा, ते बहुतेक वेळा खरं कारण सांगतं.

फोल्डर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडं आहे असं वाक्य असेल, तर एखाद्या प्रोग्रॅमनं ते धरून ठेवलं आहे. संगणक ‘रीस्टार्ट’ करा. शट डाउन करून पुन्हा चालू करणं पुरेसं नाही, कारण विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर जपून ठेवला जातो. रीस्टार्टमध्ये तो खरोखर नव्यानं सुरू होतो. तरीही अडचण राहिली तर रिसोर्स मॉनिटर उघडून सीपीयूच्या पानावर फोल्डरचं नाव शोधा. कोणता प्रोग्रॅम ते धरून बसला आहे, ते नावानिशी दिसतं.

परवानगी नाही असं वाक्य असेल, तर मालकीचा प्रश्न आहे. जुन्या संगणकातली डिस्क नव्याला जोडली की हे हमखास घडतं. नोंदीत जुन्या संगणकावरच्या खात्याचा क्रमांक असतो आणि नवा संगणक त्याला ओळखत नाही. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड या वाटेनं जाऊन मालकी स्वतःकडे घ्या, मग डिलीट करा. हा उपाय आपल्या फोल्डरांपुरता आहे. विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरांची मालकी घेऊ नका. तिथे परवानगी नाकारली जाते ती योग्य कारणासाठी.

वस्तू सापडत नाही असं वाक्य असेल, तर फोल्डर डोळ्यांसमोर असूनही ते येतं याचं आश्चर्य वाटतं. अशा वेळी नावाचा शेवट पाहा. नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा असेल तर विंडोज ती गाळून टाकते आणि उरलेल्या नावाचं फोल्डर शोधायला जाते, जे नसतंच. मॅक किंवा लिनक्सवरून आलेल्या फोल्डरांत हे आढळतं. काही नावं तर विंडोजनं राखूनच ठेवली आहेत: कॉन, पीआरएन, ऑक्स, एनयूएल, कॉम१, एलपीटी१ वगैरे. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर ही सोयच नव्हती, ती १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. त्याआधी प्रिंटर, कीबोर्ड अशा साधनांना ही नावं दिलेली होती. जुने प्रोग्रॅम चालत राहावेत म्हणून ती पुढे तशीच जपली गेली आणि चाळीस वर्षांनंतरही अडचण करतात. दोन्हींवरचा इलाज पुढे येतो आहे.

नाव फार लांब आहे असं वाक्य असेल, तर २६० अक्षरांची मर्यादा ओलांडली गेली आहे. ड्राइव्हच्या अक्षरापासून शेवटच्या फाइलपर्यंतचा सगळा मार्ग जुन्या हिशेबानं २६० अक्षरांत बसवावा लागतो. २०१६ मध्ये विंडोज १० मध्ये ही मर्यादा उठवण्याची सोय आली, पण ती आपणहून चालू करावी लागते आणि सगळे प्रोग्रॅम ती मानत नाहीत.

मराठीत नावं देणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. संगणक अक्षरं आपल्यासारखी मोजत नाही. ‘क्षेत्र’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो. संगणकाच्या लेखी त्यात क, हलन्त, ष, एकार, त, हलन्त आणि र अशी सात चिन्हं आहेत. ‘महाराष्ट्र’ म्हणजे दहा चिन्हं. ‘जिल्हा परिषद प्राथमिक शाळा वार्षिक स्नेहसंमेलन छायाचित्रे’ असं फोल्डर, त्यात तसंच दुसरं, त्यात तिसरं, अशी उतरंड लावली की मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. उपाय साधा आहे: वरच्या फोल्डरांची नावं बदलून एकेका अक्षराची करा किंवा आतलं फोल्डर थेट ड्राइव्हच्या तोंडाशी आणून ठेवा. मार्ग आखूड झाला की ते उडतं.

दुसरी बाब आणखी सूक्ष्म आहे. ‘दुसऱ्या’ शब्दातला ऱ्य दोन प्रकारांनी टाइप होतो. एका प्रकारात नुक्त्याचा ऱ वापरतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द आहेत. माऊसनं डिलीट करताना याचा त्रास होत नाही, पण पुढे दिलेल्या आज्ञांत फोल्डरचं नाव हातानं टाइप केलंत तर ‘असं काही सापडत नाही’ असं उत्तर येऊ शकतं. म्हणून नाव टाइप करू नका. शिफ्ट दाबून फोल्डरवर राइट-क्लिक करा, ‘कॉपी ॲज पाथ’ निवडा आणि आज्ञेत पेस्ट करा.

हे सगळे तोतये बाजूला काढल्यावरही ‘बिघडलेलं आहे, वाचता येत नाही’ हेच वाक्य उरलं, तर फोल्डर खरोखर करप्ट आहे.

दुरुस्तीआधी डिस्कची तब्येत

इथे मी एकदा चूक केली आहे आणि ती सांगणं माझं काम आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एकाची डिस्क माझ्याकडे आली. फोल्डर उघडत नव्हतं आणि डिस्कमधून मधूनमधून ‘टक टक’ असा आवाज येत होता. मी आवाजाकडे दुर्लक्ष केलं आणि थेट दुरुस्तीची सर्वांत खोल तपासणी लावून दिली. ती तपासणी डिस्कचा कानाकोपरा वाचते. सकाळपर्यंत डिस्क बंद पडली होती. आदल्या संध्याकाळी जे थोडंफार वाचता येत होतं, तेही गेलं.

तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. आधी डिस्कची तब्येत, मग आतल्या मजकुराची प्रत, मग दुरुस्ती.

तब्येत पाहायला क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. डिस्क स्वतःच्या आजारपणाच्या नोंदी स्वतः ठेवत असते. हा प्रोग्रॅम त्या वाचून दाखवतो. वाचता न आल्यामुळे खोळंबून राहिलेले सेक्टर (डिस्कवरच्या जागेचे छोटे तुकडे) आणि बाद करून बदललेले सेक्टर, हे दोन आकडे पाहायचे. ते शून्य असतील तर बहुधा दप्तराचा घोळ आहे, डिस्क धडधाकट आहे. ते वाढत असतील, रंग पिवळा झाला असेल, तर डिस्क शेवटाकडे निघाली आहे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही खूण मिळते: ‘एनटीएफएस’च्या नावावर ५५ क्रमांकाची नोंद असेल तर दप्तर बिघडलं आहे; ‘डिस्क’च्या नावावर ७ क्रमांकाची असेल तर डिस्कवरच खराब जागा आहे.

डिस्क धडधाकट असेल तर बाकीची सगळी फोल्डरं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या आणि पुढे जा. डिस्क आजारी असेल आणि आतला मजकूर मोलाचा असेल, तर तिच्यावर काहीही लिहू नका आणि दुरुस्तीही चालवू नका. अशा डिस्कची आधी आहे तशी संपूर्ण प्रत काढतात. जीएनयू डीडीरेस्क्यू हा लिनक्सवरचा मोफत प्रोग्रॅम याच कामाचा आहे: तो सहज वाचता येणारा भाग आधी उचलतो आणि अवघड जागांकडे नंतर वळतो, म्हणजे डिस्क मध्येच गेली तरी बहुतेक मजकूर हाती आलेला असतो. हे स्वतःला जमणार नसेल तर डिस्क बंद ठेवून जाणत्या माणसाकडे द्या. टकटकणाऱ्या डिस्कला घरगुती उपाय नाही.

चेकडिस्क

दुरुस्तीचं हत्यार विंडोजमध्येच असतं. चेकडिस्क ही आज्ञा विंडोजहूनही जुनी आहे. टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये लिहिलेल्या ८६-डॉसमध्ये ती होती, आणि त्याच ८६-डॉसपासून पुढे एमएस-डॉस बनलं.

स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ शोधा, राइट-क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. काळी खिडकी उघडेल. आज्ञा इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या आहेत. इथे त्या उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. चेकडिस्क म्हणजे सी-एच-के-डी-एस-के ही सहा अक्षरं. तुमचा ड्राइव्ह ई असेल तर:

चेकडिस्क ई:

एवढ्यानं फक्त तपासणी होते, काहीही बदललं जात नाही. अहवालात चुका दिसल्या की मग दुरुस्तीची आज्ञा द्यायची:

चेकडिस्क ई: /एफ

ड्राइव्ह वापरात असेल तर तो जबरदस्तीनं सोडवायचा का, असं ती विचारते. उघड्या फाइली बंद करून ‘वाय’ द्या. सी ड्राइव्ह असेल तर पुढच्या वेळी संगणक सुरू होताना तपासू का, असं विचारते. तिथेही ‘वाय’ देऊन रीस्टार्ट करा.

एनटीएफएसवर काम तीन टप्प्यांत चालतं. पहिल्या टप्प्यात मास्टर फाइल टेबलमधली एकेक नोंद तपासली जाते, म्हणजे सगळे सातबारे. दुसऱ्या टप्प्यात फोल्डरांच्या याद्या त्या नोंदींशी ताडल्या जातात. ज्या फाइलच्या नोंदीत ‘मी या फोल्डरमधली’ असं आहे, पण फोल्डरच्या यादीत तिचं नाव नाही, ती परत यादीत घातली जाते. फाटलेलं आठ-अ पुन्हा लिहिलं जातं ते इथे. तिसऱ्या टप्प्यात परवानग्यांच्या नोंदी तपासल्या जातात. ‘/आर’ हा पर्याय दिला तर पुढे खराब जागांचा शोधही होतो. मोठ्या डिस्कवर त्याला कित्येक तास लागतात आणि डिस्कला तेवढे श्रम पडतात. माझी ती रात्रीची तपासणी हीच होती.

चेकडिस्कबद्दल एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. दप्तर सुसंगत करणं हे तिचं काम आहे. तुमचे फोटो वाचवणं तिच्या कामात बसलं तर ते वाचतात. बसलं नाही, म्हणजे एखाद्या नावामागची नोंदच मेलेली असेल, तर ती ते नाव यादीतून खोडते आणि पुढे जाते. म्हणूनच आधी प्रत.

ज्या फाइलींना जुनं घर सापडत नाही, त्या ड्राइव्हच्या तोंडाशी ‘फाउंड.०००’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवल्या जातात. हे फोल्डर लपवलेलं असतं. लपलेल्या वस्तू दाखवण्याचा पर्याय चालू केला की दिसतं. एनटीएफएसवर आतल्या फाइलींची मूळ नावं अनेकदा टिकलेली असतात. पेनड्राइव्हवर मात्र ‘फाइल००००’ अशा क्रमांकाचे तुकडे मिळतात. ते फेकून देण्याआधी एखाद्याच्या नावातला टिंबानंतरचा भाग बदलून जेपीजी करून पाहा; फोटो असेल तर उघडतो.

ड्राइव्ह ‘रॉ’ आहे, चेकडिस्क चालणार नाही, असं उत्तर आलं तर दप्तराची मांडणीच ओळखता येत नाही असा अर्थ. अशा वेळी विंडोज फॉरमॅट करायचं का विचारते. मजकूर हवा असेल तर ‘नाही’ म्हणा.

आता काढा

यादी दुरुस्त झाली की फोल्डर साध्या डिलीटनं निघायला हवं. तरीही अडून बसलं, किंवा नावाच्या शेवटी टिंब असलेलं तोतया फोल्डर असेल, तर ही आज्ञा:

आरडी /एस "\\?\ई:\फोल्डरचं नाव"

आरडी म्हणजे फोल्डर काढा. /एस म्हणजे आतल्या सगळ्यासकट. मार्गाच्या आधी दोन बॅकस्लॅश, प्रश्नचिन्ह आणि एक बॅकस्लॅश आहेत, त्यांत खरी किल्ली आहे. ही चार चिन्हं पाहिली की विंडोज नावाची छाटणी करत नाही, टिंब आणि मोकळी जागा जशीच्या तशी ठेवते, राखीव नावालाही साध्या नावासारखं वागवते आणि २६० ची मर्यादाही बाजूला ठेवते. आज्ञा खात्री करायला विचारेल. तिथे नाव अक्षर अक्षर वाचा आणि मगच होकार द्या, कारण असं काढलेलं रीसायकल बिनमध्ये जात नाही. प्रश्न न विचारता काढणारा ‘/क्यू’ हा पर्यायही आहे. तो वापरू नका असं मी आग्रहानं सांगेन.

फारच खोल उतरंड असेल तर रोबोकॉपी कामी येते. एक नवं रिकामं फोल्डर बनवायचं आणि नको असलेलं फोल्डर त्याच्यासारखं कर, असं ‘/एमआयआर’ पर्यायानं सांगायचं. रिकाम्यासारखं होताना नको असलेलं फोल्डर आतून पूर्ण साफ होतं. यात क्रम जपायचा: आधी रिकाम्याचं नाव, मग नको असलेल्याचं. दुसऱ्या जागी चुकून हवं असलेलं फोल्डर लिहिलंत तर तेच रिकामं होईल.

एखादा प्रोग्रॅम सोडतच नसेल तर सेफ मोडमध्ये जाऊन तोच प्रयत्न करा. तिथे मोजके प्रोग्रॅमच चालू असतात. आणि कशानंच जमलं नाही, तर बाकी सगळं दुसरीकडे नेऊन ड्राइव्ह फॉरमॅट करा. त्यात जुनं दप्तर टाकून नवं घातलं जातं. फॉरमॅट करताना ‘क्विक’ची खूण काढून टाका, म्हणजे संपूर्ण पृष्ठभाग तपासला जाईल. फॉरमॅटनंतर थोड्याच दिवसांत त्याच डिस्कवर दुसरं फोल्डर बिघडलं, तर दोष दप्तरात नाही, डिस्कमध्ये आहे. ती बदला.

सॉलिड स्टेट ड्राइव्हबद्दल वेगळी ताकीद. जुन्या हार्ड डिस्कवर डिलीट केल्यानंतरही मजकूर काही काळ मागे राहतो, कारण खोडली जाते ती फक्त नोंद. सॉलिड स्टेट ड्राइव्हला विंडोज कळवते की या जागा आता मोकळ्या आहेत, आणि ड्राइव्ह त्या आतून पुसून टाकतो. तिथे पश्चात्तापाला फारसा अवधी मिळत नाही.

पुन्हा फाटू नये म्हणून

२०१८ मधल्या विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून पेनड्राइव्ह लगेच काढता यावा अशीच मूळ मांडणी असते. पण कॉपी चालू असताना तो ओढला तर कुठलीच आवृत्ती वाचवू शकत नाही. ‘इजेक्ट’ म्हणायला पाच सेकंद लागतात, ती सवय ठेवा. जिथे वीज वरचेवर जाते तिथे डेस्कटॉपला यूपीएस लावा. आणि जे पुन्हा मिळणार नाही, त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा.

बाईंच्या डिस्कची तब्येत चांगली निघाली. मी बाकीची फोल्डरं कॉपी करून घेतली आणि मग चेकडिस्क लावली. दुसऱ्या टप्प्याला फाइलींची नावं सरसर वर जाऊ लागली, एकेक नाव ‘संमेलन’ फोल्डरात परत लिहिलं जात होतं. बाई चष्मा सावरून वाचत होत्या. काम संपल्यावर फोल्डर उघडलं. अकरापैकी दहा वर्षांचे फोटो पूर्ण होते. एका वर्षातले काही अर्ध्यावर करडे झालेले. ते सगळे दुसऱ्या डिस्कवर उतरवले, उघडून पाहिले, मोजले.

मग मी बाईंना म्हटलं, “आता तुम्हीच उडवा ते जुनं फोल्डर.” त्यांनी एकदा डिलीट दाबलं. चौकट आली नाही. फोल्डर गेलं.